वसुलीची वही आणि समाजकार्याचा अर्ज

वाचकाचे पत्र, संक्षेपाने: ताई, मी जालना जिल्ह्यातला, वय पंचवीस. बी.कॉम. झाल्यावर अडीच वर्षांपासून महिलांच्या गटांना कर्ज देणाऱ्या एका मायक्रोफायनान्स कंपनीत फील्ड ऑफिसर आहे. सकाळी सातपासून चार-पाच गावांत सेंटर मीटिंग घ्यायच्या आणि हप्ते गोळा करायचे, हे माझे काम. आता मला एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करायची आहे. वडील म्हणतात, समाजसेवा पोट भरलेल्यांनी करावी, त्यावर घर चालत नाही. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. इंग्रजी वाचता येते, पण बोलताना अडखळतो. बी.कॉम.वाल्याला प्रवेश मिळतो का, कोणते कॉलेज चांगले, प्रवेश अर्जासोबतच्या निवेदनात काय लिहावे आणि पुढे नोकरी मिळते का, हे सांगावे. आणखी एक गोष्ट. मागच्या वर्षी एका बाईने आमचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढले आणि ते फेडायला शेळी विकली. त्या दिवशी गटातल्या बायका तासभर तिच्या दारात बसल्या होत्या, मीही बसलो होतो. पैसे घेऊनच उठलो. असे काम केलेल्या माणसाने समाजकार्याला जावे का? सोबत निवेदनाचा मसुदा जोडला आहे.

उत्तर:

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही ‘आणखी एक गोष्ट’ म्हणून अगदी शेवटी लिहिला आहे. त्याचे उत्तर आधी देते, कारण निवेदनात काय लिहावे आणि कॉलेज कसे निवडावे, या दोन्ही प्रश्नांची वाट तिथूनच जाते.

तुम्ही समाजकार्याला जरूर जावे. त्या दारात बसला होता म्हणून तुमचा हक्क जात नाही. मात्र तिथे काय घडले, हे स्वतःशी नीट मांडल्याशिवाय जाऊ नये. या व्यवसायात येणाऱ्या पुष्कळ मुलामुलींची अशी समजूत असते की आपण कायम मदत करणाऱ्यांच्याच बाजूला असणार, आणि दुसऱ्याचे काही अडवून धरण्याची वेळ आपल्यावर कधी येणार नाही. मी एकतीस वर्षे एका सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. गरीब रुग्णांसाठीच्या निधीत एकाच माणसाच्या कृत्रिम पायापुरते पैसे शिल्लक असत आणि माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघे बसलेले असत, असे दिवस मी मोजू शकणार नाही इतके आले. कोणाला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणायचे, हे मीच ठरवत होते. मुलाच्या घरची चौकशी करणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) अहवालावरून एखादे मूल घरी परत जाते किंवा बालगृहात राहते. एकाच्या हातात कागद आणि दुसऱ्याच्या हातात काहीच नाही, ही स्थिती समाजकार्यातही असते. ती तुम्ही पंचविसाव्या वर्षी स्वतःच्या अंगाने पाहिली आहे आणि ती तुम्हाला सलते आहे. ज्यांना ती कधीच सलत नाही, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

शिवाय तुम्हाला जे ठाऊक आहे, ते वर्गातल्या बहुतेकांना ठाऊक नसेल. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केला की एखाद्या कुटुंबावरच्या सगळ्या कर्जांचे मिळून मासिक हप्ते त्या कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. तो नियम कोणीही वाचू शकतो. पण शेतमजुरी करणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घराचे ‘मासिक उत्पन्न’ अर्जावर कसे भरले जाते, ते भरताना कोण बोलते आणि कोण गप्प राहते, हे तुम्ही शेकडो वेळा पाहिले आहे. त्याच नियमावलीत वसुलीच्या वेळी दमदाटी करण्यास मनाई आहे आणि तक्रार कुठे करायची ते कर्जदाराला लेखी कळवणे बंधनकारक आहे. नोकरीत आहात तोपर्यंत एवढे तरी करा: मीटिंगमध्ये तक्रारीचा क्रमांक प्रत्येक बाईला कर्जाच्या कार्डावर बोट ठेवून दाखवा, आणि दारात बसून राहण्याची वेळ आली तर तुम्ही स्वतः उठून निघा.

आता तुमच्या मसुद्याकडे वळते. त्याचे पहिले वाक्य असे आहे: ‘लहानपणापासूनच मला समाजासाठी काहीतरी करण्याची तळमळ असून गोरगरीब, शोषित व वंचित घटकांच्या उत्थानासाठी मी माझे जीवन समर्पित करू इच्छितो.’ पुढची दोन पानेही याच भाषेत आहेत आणि त्यांत शेळी कुठेच नाही. मला लिहिलेल्या पत्रात ती होती, प्रवेश समितीला लिहिलेल्या निवेदनातून मात्र तुम्ही ती काढून टाकली. मी बारा-तेरा वर्षे एका महाविद्यालयाच्या प्रवेश मुलाखतींना बाहेरची सदस्य म्हणून बसत असे. तळमळीचे हे वाक्य, थोड्याफार फरकाने, निम्म्या अर्जांत असते. ते खोटे असते असे मी म्हणत नाही, पण ते कोणीही लिहू शकतो आणि म्हणून त्यावरून वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल काहीही कळत नाही.

मला ही गोष्ट ज्यांनी शिकवली, त्यांची लाल शाई अजून डोळ्यांसमोर आहे. एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षी मला क्षयरोगाच्या वॉर्डात क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष माणसांत जाऊन करायचे शिकाऊ काम, दिले होते. एका हमालाच्या भेटीचा अहवाल लिहिताना मी ‘रुग्णाची आर्थिक परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे’ असे वाक्य लिहिले आणि त्यावर मी मनातून खूशही होते. माझे अहवाल तपासणाऱ्या शिक्षिका बाईंनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात बारीक अक्षरात लिहिले: ‘म्हणजे काय? घरात माणसे किती? कमावते कोण? आजारी पडल्यापासून हमालीचा बिल्ला कोणाकडे आहे? औषध चालू असताना सकाळी काय खातो?’ मला चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. पुन्हा वॉर्डात जाऊन विचारले, तेव्हा कळले की बिल्ला त्याने गावाकडच्या एका माणसाला रोजावर वापरायला दिला होता, त्यातून येणारे पैसे घरी जात होते, आणि तो बिल्ला परत मिळणार नाही या भीतीने तो औषध अर्धवट सोडून कामावर जायच्या बेतात होता. ‘हलाखीची परिस्थिती’ या दोन शब्दांनी मी हे सगळे झाकून टाकले होते. बाईंनी प्रश्न विचारले नसते तर तो माणूस ‘औषध सोडलेला बेजबाबदार रुग्ण’ म्हणून आमच्या नोंदवहीत राहिला असता.

म्हणून निवेदन पुन्हा लिहा आणि सुरुवात त्या तासापासून करा. त्या बाईवर कोणत्या तारखेला कोणाकोणाचे किती हप्ते येत होते, गटातल्या बायका का बसून राहिल्या, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांवर काय येते, तुम्हाला वरून काय सांगितलेले होते, तुम्ही काय केलेत आणि काय करू शकला असतात पण केले नाहीत, हे साध्या वाक्यांत लिहा. मग त्यातून तुम्हाला न सुटलेला प्रश्न कोणता, तो सोडवायला काय शिकायचे आहे, आणि त्या महाविद्यालयात ते कोणत्या विषयात किंवा क्षेत्रकार्यात शिकता येईल असे वाटते, ते लिहा. स्वतःला गुन्हेगार ठरवून रडगाणे गाऊ नका आणि कंपनीवर सगळे ढकलूनही मोकळे होऊ नका. दोन्हींत वाचणाऱ्याला माणूस दिसत नाही. त्या बाईचे नाव, गाव, गटाचे नाव, ओळख पटेल असा कोणताही तपशील मात्र येऊ देऊ नका. गोपनीयता हा या व्यवसायाचा पहिला नियम आहे आणि तो तुम्ही प्रवेशाआधीच पाळता, हे समितीतल्या जाणत्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

मुलाखतीतही हेच लागू पडते. ‘तुमच्या तालुक्यातली सर्वांत मोठी समस्या कोणती’ असे विचारले की मुले बेरोजगारी, व्यसनाधीनता, अंधश्रद्धा अशी यादी म्हणून दाखवतात. तुम्ही एकच गोष्ट घ्या, तीच तपशिलाने सांगा, आणि जे माहीत नसेल त्याला ‘माहीत नाही’ म्हणा. अडखळत इंग्रजी बोलण्यापेक्षा ‘मी मराठीत सांगू का’ असे शांतपणे विचारणाऱ्या उमेदवारांना आमच्या समितीने कधीही कमी लेखले नाही.

प्रवेशाच्या नियमांचा भाग तुलनेने सोपा आहे. एम.एस.डब्ल्यू.ला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, त्यामुळे बी.कॉम.ची चिंता सोडा. बी.एस.डब्ल्यू. (समाजकार्याचीच पदवी) झालेल्यांना काही ठिकाणी थोडे झुकते माप मिळते, एवढेच. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेला अर्ज करायचा असेल, तर २०२३ पासून तिथल्या पदव्युत्तर प्रवेशाचा मार्ग राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या सीयूईटी-पीजी परीक्षेतून जातो. गेल्या काही वर्षांत या परीक्षेचे अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास भरले गेले आणि परीक्षा मार्चमध्ये झाली, म्हणजे दिवाळी झाली की तुम्हाला संकेतस्थळावर लक्ष ठेवावे लागेल. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, म्हणून अंदाजाने ठोकून देण्याची सवय आधीच मोडा. परीक्षेनंतर संस्था स्वतःचा पुढचा टप्पा कसा घेते, हे त्या वर्षीच्या सूचनेत पाहा. मुंबईखेरीज संस्थेचा ग्रामीण परिसर तुळजापूरला १९८६ पासून आहे, आणि तुमचे अनुभवविश्व पाहता तिथल्या अभ्यासक्रमांची माहिती मुंबईच्या आधी वाचावी असे मला वाटते.

राज्यातल्या विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांची प्रवेशपद्धत वेगवेगळी आहे. कुठे स्वतःची लेखी परीक्षा आणि मुलाखत असते, कुठे गटचर्चा, कुठे केवळ गुणवत्ता यादी. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ पासून आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून या शिक्षणात आहेत. नागपूरला मातृसेवा संघाची संस्था आणि तिरपुडे महाविद्यालय, साताऱ्याजवळ जकातवाडीला यशवंतराव चव्हाणांच्या नावाची संस्था, अहिल्यानगरला सी.एस.आर.डी. आणि तुमच्या जवळ मराठवाड्यातील विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालये आहेत. इंग्रजीची भीती वाटत असेल, तर राज्यातल्या अनेक महाविद्यालयांत उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, हे लक्षात ठेवा. ‘टाटा’त मात्र शिकवणे इंग्रजीतून असते. तरीही वाचनापुरते इंग्रजी दोन्हीकडे लागणारच, कारण या विषयाची बरीचशी पुस्तके आणि बहुतेक कायदे मूळ इंग्रजीत आहेत. रोज एक पान वाचून त्याचा आशय मराठीत पाच ओळींत लिहायचा, हा उपाय मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे आणि तो सहा महिन्यांत फरक दाखवतो.

कागदपत्रांबाबत एकच गोष्ट सांगते, कारण त्यात मुलांचे प्रवेश हुकतात. पदवी आणि प्रवेश यांत तुमचा जो खंड आहे, त्यासाठी प्रतिज्ञापत्र मागतात, ज्याला सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात. ते, आणि तुम्ही आरक्षित प्रवर्गात असाल तर जातवैधता व नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र, ही कागदपत्रे जूनमध्ये तहसीलच्या रांगेत उभे राहून मिळवायची नसतात. ती आत्ताच काढा. शिष्यवृत्तीचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात आणि तिथेही हीच कागदपत्रे लागतात. अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडीच्या शुल्कात मोठा फरक असतो, म्हणून आपली जागा कोणत्या तुकडीत आहे हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.

आता कोणते कॉलेज चांगले, हा प्रश्न. मी एखादे नाव पहिले आणि एखादे दुसरे असे सांगणार नाही, कारण या शिक्षणाचे मर्म नावात नाही, क्षेत्रकार्यात आहे. साधारणपणे आठवड्याचे दोन दिवस विद्यार्थी एखाद्या रुग्णालयात, वस्तीत, शाळेत, कारागृहात किंवा संस्थेत काम करतो, त्याचा अहवाल लिहितो, आणि महाविद्यालयातील मार्गदर्शक शिक्षक तो वाचून त्याच्याशी एकट्याने बसून बोलतात. या बैठकीला मुले ‘आयसी’ म्हणतात. याशिवाय ग्रामीण शिबिर असते आणि शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एकाच संस्थेत सलग काही आठवडे पूर्णवेळ काम, असते. व्यक्तिसहाय्यकार्य, गटकार्य, समुदाय संघटन हे शब्द वर्गात शिकवले जातात, पण ते अंगात मुरतात ते अहवाल आणि आयसी यांच्यामध्ये. मी वर सांगितलेली लाल शाई म्हणजे हेच.

आणि ती शाई सगळीकडे नसते. माझ्याच महाविद्यालयात, त्या बाई मला मिळण्याच्या आधीचे पहिले चार महिने, माझे अहवाल दुसऱ्या एका शिक्षकांकडे जात. ते प्रत्येक पानावर तारीख घालून सही करीत. एकदा माझ्या मैत्रिणीने आदल्या आठवड्याचाच अहवाल पुन्हा लिहून दिला, आणि त्यावरही तारीख आणि सही आली. त्या चार महिन्यांत मी वीस-बावीस रुग्णांना भेटले असेन. त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा मला आठवत नाही, कारण त्यांच्याबद्दल मला कोणी एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या रुग्णांचे मी देणे लागते असे मला आजही वाटते.

म्हणून अर्ज करण्याआधी ज्या दोन-तीन महाविद्यालयांचा विचार आहे, तिथे एखाद्या साध्या कामाच्या दिवशी जा. माहितीपत्रक कार्यालयात मिळेल, पण खरी माहिती दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे कँटीनमध्ये मिळेल. त्यांना विचारा की एका शिक्षकाकडे क्षेत्रकार्याची किती मुले आहेत, शेवटची आयसी कधी झाली आणि ती किती वेळ चालली, अहवालावर सही येते की प्रश्न येतात. कोणत्या संस्थांत पाठवतात आणि तिथे त्यांना काम मिळते की फाईली लावणे, झेरॉक्स काढणे आणि कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या मांडणे एवढेच वाट्याला येते, हेही विचारा. संस्थेतल्या मार्गदर्शकाने स्वतः समाजकार्याचे शिक्षण घेतले आहे का, ही चौकशीही करा. एखाद्या मुलाने त्याचा तपासलेला अहवाल दाखवायची तयारी दाखवली, तर फक्त समासातील शेरे पाहा. रुग्णाची किंवा कुटुंबाची माहिती वाचू नका, आणि त्याने नावानिशी अहवाल सहज हातात दिला तर तीही त्या महाविद्यालयाबद्दलची एक माहितीच समजा. मोठ्या नावाच्या जागी मार्गदर्शकाला वेळ नसेल आणि तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात एक शिक्षक प्रत्येक अहवाल वाचत असेल, तर मी माझ्या भाचीला दुसऱ्या ठिकाणी पाठवीन.

नोकरी सांभाळून दुरस्थ पद्धतीने करावे का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण वडील विचारतील. इग्नू या मुक्त विद्यापीठाची एम.एस.डब्ल्यू. पदवी आहे आणि तिच्यातही क्षेत्रकार्य करावेच लागते. संस्थेत आधीच काम करणाऱ्या, जिच्या अवतीभवती अनुभवी माणसे आहेत अशा व्यक्तीला ती उपयोगी पडते. तुमची सकाळी सात ते संध्याकाळची वसुली सांभाळून ती करणे म्हणजे अहवाल रात्री कल्पनेने लिहिणे होईल. तुम्ही पूर्णवेळ शिका.

वडिलांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही, कारण आपल्या महाराष्ट्रानेच त्यांना तसे शिकवले आहे. जोतिराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ना. म. जोशींनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. ही आपली परंपरा पदरमोड करून काम करणाऱ्यांची आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण त्याच मुंबईत, नागपाड्याला, १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने समाजकार्याचे देशातले पहिले व्यावसायिक विद्यालय सुरू झाले, तेच पुढे ‘टाटा’ संस्था झाले. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाचे पद निर्माण झाले. म्हणजे पगार घेऊन, शिकून, उत्तरदायी राहून हे काम करण्यालाही आता जवळपास नव्वद वर्षे होत आली. वडिलांना ‘समाजसेवा’ हा शब्दच सांगू नका. पदांची नावे सांगा.

सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) हे पद आहे. धर्मादाय रुग्णालयांना, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, आणि त्या खाटेपर्यंत रुग्णाला पोहोचवण्याचे काम तिथले समाजसेवकच करतात. महिला व बालविकास विभागात परिविक्षा अधिकारी आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालील संरक्षण अधिकारी असतात, जिल्हा बाल संरक्षण कक्षात आणि अत्याचारग्रस्त महिलांसाठीच्या वन स्टॉप सेंटरमध्ये कंत्राटी पदे असतात. ‘टाटा’ संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पुढे तो राज्याच्या इतर जिल्ह्यांतही गेला, तिथे पोलीस ठाण्याच्या आवारात बसून समाजकार्यकर्ते मारहाण झालेल्या बाईची बाजू ऐकतात. पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात १९४८ च्या कारखाने अधिनियमाप्रमाणे कल्याण अधिकारी लागत असे; २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या संहितेत ही मर्यादा अडीचशे कामगारांची आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्या कामाचे नियोजन करणाऱ्या जागाही वाढल्या आहेत. तुम्हाला तर बचत गटांचे काम करणारे माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि ‘उमेद’ हे राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान असे आणखी दोन दरवाजे आहेत, कारण बचत गटाची बैठक कशी चालते, वही कशी लिहिली जाते आणि ती कुठे खोटी लिहिली जाते, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागणार नाही. कर्जाच्या फेऱ्यात सापडलेल्या बाईला गटानेच सोडवायचे कसे, या कामाला तुमच्यासारख्या माणसांची फार गरज आहे.

पण पगाराबाबत वडिलांना खरे सांगा. पहिल्या नोकरीत आजच्या तुमच्या पगाराइतके पैसे मिळतीलच असे नाही, कमीही मिळतील. स्वयंसेवी संस्थांतली पुष्कळ पदे प्रकल्पाबरोबर संपतात, आणि सरकारी योजनांतली बरीच पदे अकरा महिन्यांच्या करारावर असतात. वकिलांना जशी बार कौन्सिल आहे, तशी समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी स्वतंत्र परिषद आपल्याकडे नाही, त्यामुळे एका जाहिरातीत एम.एस.डब्ल्यू. अनिवार्य असते आणि तशाच कामाच्या दुसऱ्या जाहिरातीत कोणताही पदवीधर चालतो. पहिली तीन-चार वर्षे हे सोसावे लागते. या काळात जिथे वरिष्ठ माणूस शिकवतो ती नोकरी दोन हजार रुपये कमी असली तरी घ्यावी, असे माझे मत आहे, पण घरी धाकटी भावंडे शिकत असतील तर हे मत बाजूला ठेवून हिशेब करा. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात जायचे मनात आले, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोविकार समाजकार्यकर्त्यासाठी एम.एस.डब्ल्यू.नंतरचे दोन वर्षांचे एम.फिल. प्रशिक्षण धरलेले आहे. मात्र एम.फिल. ही पदवीच विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी बंद केल्यामुळे, त्या वाटेला लागण्याआधी त्या वेळची स्थिती तपासून घ्या.

प्रवेश निश्चित होईपर्यंत राजीनामा देऊ नका. तोपर्यंत दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाका, म्हणजे पहिल्या सत्राचे शुल्क आणि खोलीचे भाडे यांसाठी कोणाचे कर्ज काढावे लागणार नाही. सेंटर मीटिंगहून परतल्यावर रोज अर्धे पान लिहायला लागा: आज कोणत्या घरात काय पाहिले, कोण काय म्हणाले, मला काय कळले नाही. नावे लिहू नका, खुणा करा. कंपनीची वसुलीची वही वेगळी आणि ही वही वेगळी. मुलाखतीच्या आदल्या रात्री कोणतेही गाईड वाचण्यापेक्षा ही वही वाचा.

निवेदनाचा नवा मसुदा या महिनाअखेरपर्यंत मला पाठवा. त्यात ‘उत्थान’, ‘तळमळ’ आणि ‘वंचित घटक’ हे शब्द नकोत, आणि शेळी केवढ्याला विकली गेली तो आकडा हवा. मी तो लाल शाईने तपासून परत पाठवीन.